सिस्टर नव्हे, डॉक्टर : भूलशास्त्रातील स्त्रिया आणि समतेचा प्रश्न

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मंडळाच्या भगिनींनी मला सांगितले होते की, "ताई, आरोग्यावर काहीतरी बोला. शुगर, बी.पी. असं काही." मी हो म्हटले होते. पण मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि मी विषय बदलला. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. शुगर-बी.पी.वर पुढच्या पौर्णिमेला बोलू.

झाले असे, की आपल्याच वस्तीतले एक काका याच विहाराच्या पायरीवर मला भेटले. त्यांची मुलगी एम.बी.बी.एस. झाली आहे, पुढच्या परीक्षेत चांगला नंबर आला आहे. काका म्हणाले, "ताई, पोरीला भूलचं सीट मिळतंय. घ्यावं का सोडावं? रात्री-बेरात्री ड्युटी असते म्हणतात. उद्या लग्नाचं बघायचं आहे." शेजारी काकू उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, उलट सोपी लाईन आहे ती. इंजेक्शन द्यायचं आणि बसायचं. बायामाणसाला बरी."

मी त्या वेळी एवढेच म्हटले, की विचार करून सांगते. घरी गेल्यावर लक्षात आले, की या दोन वाक्यांत आमच्या साऱ्या शाखेतल्या बायकांचे दुखणे आले आहे. एक म्हणतो बाईला झेपणार नाही, दुसरी म्हणते बाईला सोपे आहे. दोन्ही माणसे प्रेमाने बोलत होती आणि दोन्ही चुकत होती. म्हणून आज त्याचे उत्तर सर्वांसमोर देते. मी स्वतः गेली अनेक वर्षे हेच काम करते, त्यामुळे ऐकीव काही सांगणार नाही.

भूल देणे म्हणजे काय?

आपल्या धम्मग्रंथांत जीवक वैद्याची कथा आहे, ती आपण ऐकली असेल. राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यात भयंकर कळा येत होत्या. जीवकाने त्याला खाटेवर झोपवले, खाटेला बांधले आणि मग डोके उघडून आतले किडे काढले. बांधले का? कारण भूल नव्हती. जगातला सर्वांत हुशार वैद्य असला तरी रोग्याला बांधूनच चिरावे लागत होते. ही स्थिती दोन हजारांहून जास्त वर्षे राहिली. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात ईथर देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आले, आणि तेव्हापासून माणसाला न बांधता, न ओरडता ऑपरेशन होऊ लागले.

लोकांना वाटते भूल म्हणजे झोप. तसे नाही. पूर्ण भूल दिली की पेशंटचा श्वास त्याच्या हातात राहत नाही, तो आमच्या हातात येतो. आम्ही घशात नळी घालतो, श्वास आम्ही देतो. रक्तदाब पडला तर आम्ही चढवतो. रक्त किती गेले, लघवी किती झाली, ऑक्सिजन किती आहे, हे मिनिटामिनिटाला बघत असतो. सर्जन जिथे कापतो तिथे बघत असतो, बाकीचा सगळा माणूस आमच्या ताब्यात असतो. "इंजेक्शन द्यायचं आणि बसायचं" हे खरे असते, तर ऑपरेशनच्या आधी सहा तास उपाशी राहा म्हणून आम्ही तुमच्याशी भांडलो नसतो. पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले तर जीव जातो, म्हणून भांडतो.

दुसरे काम वेदनेचे. कॅन्सरच्या कळा, मणक्याचे दुखणे, नागीण बरी झाली तरी मागे राहिलेली आग, यांच्यावर उपचार करणारे पेन क्लिनिक बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच चालवतात. तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. एक बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. पेन क्लिनिकमध्ये बसले की हा दृष्टान्त रोज समोर दिसतो. दुखण्यापेक्षा "माझं दुखणं कुणी खरंच मानत नाही" याचे दुःख मोठे असते. आणि हे वाक्य पुरुषांपेक्षा बायकांच्या तोंडून मी जास्त ऐकले आहे.

आमच्या आधीच्या बायका

आता थोडा इतिहास सांगते, कारण आपल्या मुलींना तो कोणी सांगत नाही.

जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून जिचे नाव घेतले जाते ती आपल्या भारतातली आहे. डॉ. रूपाबाई फर्दुनजी. हैदराबादला १८८० च्या दशकात त्या शिकल्या. तिथले ब्रिटिश सर्जन एडवर्ड लॉरी हे क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे याचा शोध घेत होते. निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. त्या कामात रूपाबाई होत्या आणि त्या स्वतः रुग्णांना क्लोरोफॉर्म देत होत्या. विचार करा, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर झाल्या ते वर्ष १८८६, आणि १८८७ मध्ये त्या गेल्याही. रखमाबाईंना १८९४ साली पदवी मिळाली. त्याच काळात हैदराबादला एक बाई माणसांना भूल देत होती! म्हणजे ही शाखा पुरुषांची आणि बायका मागाहून आल्या, असे नाही. बायका सुरुवातीपासून होत्या. नोंदीतून मात्र गळाल्या.

दुसरे नाव डॉ. व्हर्जिनिया ॲपगार. अमेरिकेतल्या. १९३३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. त्यांना सर्जन व्हायचे होते. हात चांगला होता. पण त्यांच्या वरिष्ठांनी सांगितले, की बाई सर्जनचा धंदा चालत नाही, तू भूल घे. त्या काळी तिकडे भूल देणे हे बहुतांशी नर्सचे काम मानले जाई, मान कमी, पैसा कमी. बाई तिकडे गेल्या. १९३८ साली भूल विभागाच्या प्रमुख झाल्या. माणसे मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी विभाग उभा केला. पुढे १९४९ मध्ये त्या विभागाला मोठे स्वतंत्र स्थान मिळाले, तेव्हा प्रमुखपद कोणाला दिले? एका पुरुष डॉक्टरला. बाईंना प्राध्यापकपद दिले. त्या महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या हे खरे, पण खुर्ची गेली ती गेलीच.

त्यांनी काय केले? बाळंतपणाच्या खोलीत जाऊन नुकत्याच जन्मलेल्या बाळाकडे बघायला सुरुवात केली. तोवर सगळ्यांचे लक्ष आईकडे असे. बाळाच्या हृदयाचे ठोके, श्वास, हातपायांतला जोर, डिवचल्यावरची प्रतिक्रिया आणि रंग, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. एकूण दहा. ही पद्धत त्यांनी १९५२ साली मांडली, १९५३ साली ती छापून आली. इथे बसलेल्या तरुण आयांनी घरी गेल्यावर बाळाचे डिस्चार्ज कार्ड काढून बघावे. त्यावर 'ॲपगार' असे लिहिलेले असते, पुढे आठ किंवा नऊ आकडा असतो. तो आकडा एका भूलतज्ज्ञ बाईने दिला आहे. जिला सर्जन होऊ दिले नाही, जिची खुर्ची दुसऱ्याला दिली, तिचे नाव आज जगभरातल्या बाळांच्या कागदावर आहे.

तिसऱ्या डेम सिसिली साँडर्स, इंग्लंडच्या. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मरणाऱ्या माणसाच्या वेदनेसाठी काही करायचे तर डॉक्टर व्हावे लागेल म्हणून वयाच्या तिशीनंतर वैद्यकीय शिक्षण. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. वेदना शरीराची, मनाची, घरादाराची आणि जगण्याच्या अर्थाची अशी सर्व मिळून असते, हा विचार त्यांनी वैद्यकशास्त्राला दिला. नर्सचे म्हणणे डॉक्टर ऐकत नाहीत, म्हणून डॉक्टर व्हावे लागले. यातच सगळे आले.

आजची स्थिती

आता तुम्ही म्हणाल, ते जुने झाले. आता मुली पुढे आहेत. खरे आहे. मी ज्या ज्या ऑपरेशन थिएटरात गेले, तिथे भूल देणाऱ्या मुली पुष्कळ पाहिल्या. संख्येची अडचण नाही. अडचण पुढे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक अहवाल काढला. जगभरात आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरच्या अधिकाराच्या जागांवर त्या सुमारे २५ टक्केच आहेत. म्हणजे घाम बायकांचा आणि सही पुरुषाची. हे चित्र आपल्याला नवे नाही. आपल्या समाजाने हे जातीच्या बाबतीत हजारो वर्षे पाहिले आहे. काम तुम्ही करा, मान आम्ही घेतो. म्हणूनच मला वाटते की ही गोष्ट दुसऱ्या कोणापेक्षा आपल्या लोकांना लवकर समजेल.

पहिली गोष्ट हाक मारण्याची. मी पेशंटला तपासते, सगळी माहिती विचारते, भूलीचा धोका समजावून सांगते, सही घेते. आणि शेवटी नातेवाईक विचारतात, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" माझ्याबरोबर माझ्या हाताखाली शिकणारा मुलगा उभा असला तर प्रश्न त्याला विचारतात, "सर, धोका नाही ना?" सिस्टर या शब्दात कमीपणा काहीच नाही, नर्सभगिनींशिवाय आमचे पान हलत नाही. पण मुलगा दिसला की डॉक्टर आणि बाई दिसली की सिस्टर, हा जो हिशेब डोक्यात आहे, तो चुकीचा आहे. आणि रागावू नका, हा प्रश्न मला आपल्या वस्तीतल्या लोकांनीही विचारला आहे.

दुसरी गोष्ट नोकरीची. माझे शिक्षण झाल्यावर मी एका रुग्णालयात मुलाखतीला गेले. नाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही. पदवी, अनुभव यावर पाच मिनिटे बोलणे झाले. मग विचारले, "लग्न झालं का? मूल? आणखी एक होणार का?" माझ्याबरोबर मुलाखतीला आलेल्या मित्राला विचारले होते का, म्हणून मी बाहेर येऊन चौकशी केली. त्याला विचारले, "कधीपासून येता?" त्याचेही लग्न झाले होते, त्यालाही लहान मूल होते. पण मूल म्हणजे आईची सुट्टी, बापाचे फक्त पेढे.

तिसरी गोष्ट पैशांची आणि बाळंतपणाची. आपल्या शहरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ नोकरीला नसतो. फोन आला की जायचे, केस करायची, केसचे पैसे घ्यायचे. ते पैसे बहुधा सर्जन ठरवतो. बाईला घासाघीस जमत नाही असे धरून तिला कमी सांगितले जाते, हे मी अनुभवाने सांगते. आणि गरोदरपणी? मला सातवा महिना लागला तसे फोन कमी झाले. कोणी वाईट बोलले नाही. "मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून," असे सगळे म्हणाले. चार महिन्यांनी मी परत आले तेव्हा त्या सगळ्या जागी दुसरा माणूस बसला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण यात कोणी अन्याय केल्यासारखा दिसतच नाही.

इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाची रजा व भत्ता देण्याचे बिल आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार एकट्या बाईवर टाकता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूतिलाभाचे काम त्यांनी पुढे नेले. स्वतंत्र भारतात १९६१ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, २०१७ साली ती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची तरतूद आली. पण हे सगळे नोकरदार बाईला. फोनवर जाणारी भूलतज्ज्ञ कोणाचीच नोकर नसते, म्हणून ती या छपराच्या बाहेर उभी राहते. १९२८ साली जो प्रश्न बाबासाहेबांनी गिरणीतल्या बाईसाठी विचारला, तोच आज एवढी वर्षे शिकलेल्या डॉक्टर बाईसाठी विचारावा लागतो.

चौथी गोष्ट शरीराच्या सुरक्षिततेची. भुलीचे वायू थिएटरच्या हवेत थोडेफार मिसळतात. १९७० च्या दशकात परदेशात ज्या पाहण्या झाल्या, त्यांतून थिएटरमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या गर्भपाताबद्दल शंका पुढे आली, आणि मग वाया जाणारा वायू नळीने बाहेर सोडण्याची व्यवस्था मोठ्या रुग्णालयांत आली. छोट्या ठिकाणी ती आहे का, हे विचारावे लागते. वेदनेच्या शाखेत मणक्याजवळ सुई घालताना सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राखाली काम करावे लागते. त्यासाठी शिशाचा एप्रन लागतो, किरणे मोजणारा बिल्ला लागतो. एप्रन पुरुषी मापाचे असतात, बाईच्या अंगावर बगलेतून उघडे पडतात. गरोदर डॉक्टरला काम वाटून द्यायची पद्धत असली तर ती आरामात ही शाखा करू शकते. पद्धत नसली, की तिला म्हणतात, "तू पेनमध्ये येऊच नकोस." यंत्रणा सुधारायची सोडून बाईलाच बाजूला करायचे.

पाचवी गोष्ट रात्रीची. काका, तुमची काळजी खोटी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारले. ती छत्तीस-छत्तीस तासांच्या कामातून थोडी टेकायला गेली होती, आणि टेकायला धड खोलीसुद्धा नव्हती. साऱ्या देशातले डॉक्टर रस्त्यावर आले, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण यातून धडा कोणता घ्यायचा? मुलीने रात्री काम करू नये, हा नाही. दार आतून बंद होणारी खोली, उजेड, पहारा आणि माणसाला झेपतील एवढेच तास, हा धडा आहे. बाळंतीण रात्री दोन वाजता अडली, तर तिला भूल द्यायला कोणाची तरी मुलगी रात्री दोन वाजता जाणारच. ती आपली मुलगी असेल तर नको, आणि दुसऱ्याची असेल तर चालेल, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच समाजात बोलायची आहे. आपल्या मुलीला बाई म्हणून जे सोसावे लागते, त्यात आडनावाची भर पडते. "कुठल्या कोट्यातून आलीस?" हा प्रश्न मला ड्युटीरूममध्ये विचारला गेला आहे. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या, स्त्रीरोगशास्त्र शिकणाऱ्या मुलीने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेले. तिच्या घरच्यांची कल्पना करा. पहिली डॉक्टर मुलगी. म्हणून सांगते, मुलगी फोनवर "जमत नाहीये गं आई" म्हणाली, तर "सहन कर, होईल" एवढेच म्हणून फोन ठेवू नका. जाऊन भेटा. कॉलेजात तक्रार कुठे करायची ते विचारा.

यात पेशंटचा काय संबंध?

कोणी म्हणेल, हा डॉक्टर बायकांचा आपसातला प्रश्न आहे, आम्हाला काय? संबंध आहे.

कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात २००९ ते २०१९ या काळातील ८८ रुग्णालयांमधल्या सुमारे सात लाख मोठ्या शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला, तो २०२४ साली छापून आला. ज्या रुग्णालयांत सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून स्त्रियांचे प्रमाण ३५ टक्क्यांहून जास्त होते, तिथे ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत गंभीर गुंतागुंत थोडी कमी आढळली. फरक लहान होता, तीन टक्क्यांचा. याचा अर्थ बायका श्रेष्ठ आणि पुरुष कमी असा मुळीच नाही. जिथे निरनिराळी माणसे एकत्र बसून काम करतात आणि एकमेकांचे ऐकतात, तिथे चुका कमी होत असाव्यात, असे मला वाटते. भूलतज्ज्ञाने "थांबा, रक्तदाब पडतोय" म्हटले तर सर्जनने थांबले पाहिजे. ती बाई आहे म्हणून तिचे म्हणणे हलके धरले, तर किंमत टेबलावरचा माणूस देतो.

आणि वेदनेचे सांगायचे तर आपल्या महाराष्ट्राकडेच बघा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न सर्वांसमोर आला. पाळी, अंगावरून जाणे, कंबर-ओटीपोटाचे दुखणे घेऊन गेलेल्या हजारो बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या होत्या, कित्येक तर चाळिशीच्या आतल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. यात आपल्या मायबहिणी किती असतील, मी सांगायला नको. दुखणे घेऊन आलेल्या बाईचे नीट ऐकून घेणारे, औषधाने बघू म्हणणारे कोणी तिथे असते तर किती पिशव्या वाचल्या असत्या! म्हणून वेदनेच्या शाखेत बायका हव्यात, आपल्या घरांतल्या बायका हव्यात, आणि नुसत्या हव्यात असे नाही, निर्णय घेण्याच्या खुर्चीवर हव्यात.

आपण काय करू शकतो?

भाषण देऊन मी निघून गेले असे नको. चार कामे सांगते.

पहिले, दवाखान्यात गेल्यावर पांढरा कोट घातलेल्या बाईला आधी "आपण कोण?" असे विचारा. ती डॉक्टर असेल तर डॉक्टर म्हणा. फुकटचे काम आहे, पण मोठे आहे. आणि ऑपरेशन ठरले की सर्जनबरोबरच भूल कोण देणार हेही विचारा, त्यांना भेटा.

दुसरे, डॉक्टर मुलीचे किंवा सुनेचे मूल सांभाळणे हे उपकार समजू नका. माझे मूल लहान असताना रात्री फोन आला, की आपल्या गल्लीतल्या एक मावशी चादर घेऊन माझ्या घरी झोपायला येत. त्या शिकलेल्या नाहीत. पण त्या काळात मी जेवढ्या बाळंतिणींना भूल दिली, त्या प्रत्येकीत मावशींचा वाटा आहे. आपल्या विहाराच्या खालच्या खोलीत पाळणाघर चालू करता येईल का, याचा समितीने विचार करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. डॉक्टरांसाठीच नव्हे, कामावर जाणाऱ्या सगळ्याच बायकांसाठी. आणि जावईबापूंनी, मुलांनीसुद्धा डबा भरायला शिकावे. अष्टांगिक मार्गात सम्यक कर्म आहे, त्यात स्वयंपाक येत नाही असे कुठे लिहिलेले नाही.

तिसरे, कायदा माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. छोट्या नर्सिंग होममध्ये दहा माणसे नसली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिथे तक्रार करता येते. साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. हे डॉक्टरला लागू, नर्सला लागू, फरशी पुसणाऱ्या मावशीलाही लागू.

चौथे, मुलींनो, तुमच्यासाठी. एकटी राहू नका. आपल्या शाखेतल्या दोन-चार जणी मिळून केसचे दर ठरवा, एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या जागा सांभाळा आणि परत आल्यावर त्या जागा सोडा. आम्ही काही जणींनी हे उशिरा सुरू केले. आधी केले असते तर माझे ते चार महिने वाया गेले नसते.

शेवटी सोमा थेरीची गोष्ट सांगून थांबते. सोमा ध्यानाला बसली असता मार तिच्याकडे आला आणि म्हणाला, की ऋषींना मिळणारे ते पद तुला काय मिळणार, बाईची अक्कल दोन बोटांची! दोन बोटांची का? तर भात शिजला की नाही हे बाई दोन बोटांनी शीत दाबून बघते, तेवढीच तिची अक्कल, असा त्याचा टोमणा. सोमाने त्याला ओळखले. चित्त स्थिर असेल आणि ज्ञान जागे असेल, तर तिथे बाईपण आडवे येतेच कुठे, असे उत्तर तिने दिले, आणि मार खजील होऊन निघून गेला.

मी रोज पेशंटच्या मनगटावर दोन बोटे ठेवते. भोवती कितीही यंत्रे असोत, नाडी मी बोटांनी बघते. तेव्हा मला सोमा आठवते. हीच ती दोन बोटे. भाताचे शीत ओळखणारी आणि जाणारा जीव धरून ठेवणारी.

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की काम सोपे नाही आणि तुमच्या मुलीला न झेपण्यासारखेही नाही. मला आनंद वाटतो की उत्तराची वाट न बघता पोरीने ते सीट घेतले. आज ती या मेळाव्याला येणार होती. आली नाही, कारण तिची ड्युटी आहे. तिची आई मघाशी सांगत होती, की पोरगी काल रात्रभर जागी होती, दोन सिझर झाली, दोन्ही बाळं चांगली आहेत. आणि सांगताना त्या "सोपी लाईन" म्हणाल्या नाहीत.